पडद्याबाहेरचा मुस्तफा

अमळनेरला आमच्या शाळेच्या वाटेवर व्हिडिओ गेम पार्लरचं पत्र्याचं एक शेड होतं. त्याला दार नव्हतं, निळ्या ताडपत्रीचा पडदा होता. शाळा सुटली की दादा आपलं दप्तर माझ्या खांद्याला अडकवायचा, 'दोन मिनिटं थांब' म्हणायचा आणि त्या पडद्याआड जायचा. समोर कडुनिंब होता. त्याच्या सावलीत दोन दप्तरं घेऊन मी उभी राहायचे. हे १९९७ साल. मी बारा वर्षांची, दादा चौदाचा. त्या दोन मिनिटांची कधी वीस व्हायची, कधी पाऊण तास. घरी आईनं विचारलं की आम्ही दोघंही 'शाळेतच उशीर झाला' म्हणायचो.

आत काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. वाऱ्यानं पडदा उडाला तर पोरांच्या पाठी दिसायच्या आणि त्यांच्या खांद्यांवरून येणारा निळसर उजेड. ऐकलं मात्र रोज. रुपयाचं टोकन खाचेत पडल्याचा खण्ण आवाज, त्यामागोमाग यंत्राचा झणकार, मग बटणांचा टकटकाट, आणि दहा-बारा पोरं एका सुरात: 'मुस्तफा घे, मुस्तफा घे!' खेळाचं नावच मुस्तफा आहे असं मी धरून चालले होते. संगीत बदललं की आत सगळे गप्प व्हायचे, म्हणजे खेळात कुणीतरी मोठा शत्रू आलेला असायचा. थोड्या वेळानं एकदम आरोळी उठली तर दादा हसत बाहेर यायचा. नाही उठली तर गुमान.

दोन वर्षं हे चाललं. मुलींनी आत यायचं नाही असं तिथं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मला कुणी अडवलंही नव्हतं. मी पडदा बाजूला सारायला हातच उचलला नाही.

गेल्या दिवाळीत भाचा मोबाइलवर काहीतरी बघत ओट्याशी बसला होता. मी करंज्या लाटत होते. एकदम तो झणकार कानावर आला. टोकन पडल्यानंतरचा, तोच. लाटणं हातातच राहिलं. 'हे काय आहे रे?' म्हणून विचारलं तर तो म्हणाला, 'मावशी, जुना गेम आहे, कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स.' अठ्ठावीस वर्षांनी मला त्याचं नाव कळलं. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली काढलेला, एका अमेरिकन चित्रकथेवर बेतलेला खेळ. मुस्तफा हे त्यातल्या चौघांपैकी एकाचं नाव: पिवळ्या टोपीचा, पळत जाऊन उडी मारून लाथ घालणारा. आपल्याकडे सगळ्या पोरांनी त्याच्याच नावानं खेळाचं बारसं करून टाकलं. बाकीचे जॅक, मेस आणि हॅना.

हॅना बाई आहे. त्या यंत्रात पहिल्यापासून एक बाई होती, हत्यारं चालवण्यात चौघांत हुशार, आणि दोन वर्षांत पडद्याबाहेर तिचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भाचा म्हणाला, 'मोबाइलवर टाकून देतो.' मला ते नको होतं. ज्याच्यासमोर उभं राहावं लागतं, ज्याची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, मुठीत धरावी लागते, असं त्या यंत्राचं आख्खं कपाट मला हवं होतं. मी जळगावात एका पतसंस्थेत बारा वर्षं रोखीच्या काउंटरवर बसते. लाकूडकाम, वायरिंग यातलं काही येत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर त्यानं गच्चीवरची खोली रिकामी करून दिली. तिथली पाण्याची जुनी टाकी, पापडाच्या खाटा, सगळं त्यानं एका रविवारी खाली उतरवलं.

वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट मनापासून आवडली. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची जोडणी निराळी असे. १९८५ साली जपानमधल्या यंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनेनं एकच जोडणी ठरवली, संघटनेच्या नावावरून तिला 'जामा' म्हणतात. बोर्ड म्हणजे खेळ ज्यात भरलेला असतो ती सर्किटची पाटी. तिच्या कडेला छप्पन्न टोकं, एका अंगाला अठ्ठावीस, दुसऱ्या अंगाला अठ्ठावीस. कुठल्या टोकाला वीज, कुठल्याला आवाज, कुठल्याला दांडीचा 'वर', सगळं ठरलेलं. त्यामुळे कपाट तेच ठेवून नुसता बोर्ड बदलला की खेळ बदलतो. पार्लरवाल्यांचा धंदा यावरच चालायचा. म्हणजे बोर्ड मिळाला तर बाकीचं कपाट मला करता येणार होतं.

बोर्डासाठी अमळनेरला गेले. ते शेड आता नाही, तिथं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. पण दुकान शेड चालवणाऱ्या त्याच काकांचं. मी 'मुस्तफाचा बोर्ड आहे का' विचारल्यावर त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मी दादाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, 'तू त्यानी बहीन ना? दोन दप्तर लिसन बाहेर उभी ऱ्हाये ती?'

मी हो म्हणाले.

'मंग मझार काबर नही उनी?'

मला उत्तर देता आलं नाही. मग आत का आली नाहीस, एवढंच साधं विचारलं होतं त्यांनी. त्यांच्या आवाजात नवल होतं, टोमणा नव्हता. ते उठले, माळ्यावर चढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन बोर्ड घेऊन खाली आले. एकावर स्केच पेननं 'मु' लिहिलं होतं.

तो दिल्लीहून आणलेला डुप्लिकेट बोर्ड होता, हे त्यांनीच सांगितलं. कॅपकॉमच्या मूळ बोर्डात एक बॅटरी असते आणि तिच्या जिवावर एका चिपमध्ये कुलपाची किल्ली जपलेली असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड खेळण्याजोगा राहत नाही. नक्कल करणाऱ्यांनी ते कुलूपच काढून टाकलं, म्हणून हा माळ्यावर पंधरा-वीस वर्षं धूळ खाऊनही टिकला. नकलेबद्दल मला मनात खटकलं, ते लपवत नाही. पण मी जो आवाज ऐकला होता तो याच बोर्डाचा होता. काका पैसे घेईनात. टेबलावर बळेच ठेवून आले.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी चित्र बघितलं, प्लायची जाडी सुतात सांगितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'ताई, उंची कोनाच्या हिशोबानं धरू?' दांडी आणि बटणं ज्या फळीवर असतात ती साधारण तीन फुटांच्या वर ठेवतात, मोठ्या माणसाच्या कोपराला येईल अशी. मी लेकीला हाक मारली. ती अकरा वर्षांची आहे. तिला भिंतीशी उभं केलं, कोपरात हात वाकवायला सांगितला आणि तिथं पेन्सिलची खूण केली. फळी एकतीस इंचांवर आली. मिस्त्री म्हणाले, 'तुमाले वाकावं लागंल.' मी म्हटलं, 'लागू द्या.'

बाजूच्या फळ्यांचा आकार मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बेतला. आई ब्लाउज बेतायची तसा, आधी कागद, मग कापड. वरती पडद्यासाठी तिरका, मग आत येणारा, मग फळीपाशी पुन्हा बाहेर. मिस्त्रींनी तो कागद प्लायवर ठेवून जिगसॉ फिरवली. दोन्ही बाजू शेजारी उभ्या केल्या तेव्हा नुसत्या कडेवरून यंत्र ओळखू यायला लागलं. सगळे जोड मी नट-बोल्टचे करायला लावले, फेविकॉल कुठेच नाही. कपाट अमळनेरला न्यायचं हे मनात तेव्हापासून होतं.

टोकनाची खाच ठेवायची का, यावर मात्र घरात वाद झाला. लेकीला खाच हवी होती. नाणं ओळखणारं यंत्र बाजारात मिळतं, आत नमुन्याचं नाणं बसवायचं, त्याच्यासारखं पडलं तरच ते घेतं. मी नको म्हणाले. माझी अडचण तेव्हाही रुपयाची नव्हती. बोर्डाच्या सोळाव्या टोकाला एक साधं बटण जोडलं, दाबलं की टोकन पडल्याची नोंद होते. ज्याला खेळायचं त्यानं दाबावं.

फळीनं मला महिनाभर रडवलं. ऑनलाइन जी बटणं मागवली ती खटकन बसणारी निघाली, दोन बाजूंना प्लास्टिकचे कान असलेली. ते कान पातळ पत्र्याला धरतात, पाऊण इंच प्लायला धरत नाहीत. तीस मिलिमीटरची भोकं पाडून झाली होती. बटण दाबलं की ते भोकातच डुगडुगायचं, जोरात दाबलं तर खाली निसटायचं. दांडीचंही तेच. तिचा खटका फळीच्या खालून बसवायचा, पण प्लायच्या जाडीत दांडीच बुडून गेली, वर जेमतेम दोन बोटं उरली. लाकडासाठी निराळी, लांब गळ्याची नटवाली बटणं असतात हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. शेवटी मिस्त्रींनी पटाशीनं फळीच्या पोटातून दांडीपुरता खड्डा कोरला. मी गोलाणी मार्केटमधून नटवाली बटणं शोधून आणली, तिसऱ्या दुकानात मिळाली. ती आवळून बसवली आणि बोटानं दाबली. टक्. ताडपत्रीच्या आत जे शंभरदा ऐकलं होतं ते असं पहिल्यांदा माझ्या बोटाखाली वाजलं. वीज अजून जोडलेली नव्हती.

वायरिंग मी एकटीनं केलं. जळगावच्या चैत्रात गच्चीवरची खोली दुपारी भट्टी होते, म्हणून पहाटे साडेचार ते सात. प्रत्येक वायरीला कागदी टेपचा तुकडा गुंडाळून त्यावर आकडा, आणि वहीत त्याच आकड्यासमोर ती कुठून कुठे जाते ते. रोखीचा हिशोब लिहायची सवय इथं कामी आली. बटणाच्या खटक्याला तीन टोकं असतात. एक सामाईक, एक दाबल्यावर जुळणारं, एक दाबल्यावर तुटणारं. तिसऱ्याला वायर लावली तर बटण न दाबताच दाबल्यासारखं राहतं. ही चूक मी दोन बटणांत केली आणि मल्टिमीटरनं शोधून काढली.

दांडीची चूक जास्त लांबली. दांडी वर ढकलली की 'खाली' लागत होतं, डावीकडे नेली की 'उजवं'. सगळं पुन्हा तपासलं, वहीप्रमाणे बरोबर. मग फळी उलटी करून खालून बघत दांडी हळूहळू हलवली. दांडी मधोमध टेकलेली असते. वरचं टोक पुढे गेलं की खालचं टोक मागे येतं आणि मागचा खटका दाबतं. आमच्या वाड्यातल्या हापशासारखं, दांडा खाली दाबला की आतला दट्ट्या वर. हे समजल्यावर मी तिथंच फरशीवर बसून किती वेळ दांडी नुसती हलवत राहिले. चारी वायरी समोरासमोर बदलल्या.

विजेला जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लावला. खेळ सुरू व्हायचा आधीच बोर्ड पुन्हा पुन्हा मिटायचा आणि उठायचा. मोजलं तर सप्लायपाशी पाच व्होल्ट, पण बोर्डाच्या तोंडाशी ४.६. जामात पाच व्होल्टसाठी चार टोकं आणि परतीसाठी आठ टोकं दिलेली आहेत. मी 'एक पुरे' म्हणून प्रत्येकी एकच जोडलं होतं, तेही बारीक वायरीनं. बाराही टोकं जाड वायरीनं जोडली, मीटर ४.९५ वर स्थिर झाला.

त्या पहाटे बटण चालू केलं. मॉनिटर काळा. एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला, चौकोनी, एकोणीस इंची. वायर हलवली, पुन्हा लावली, काळाच. कारण नंतर कळलं. पार्लरच्या कपाटात टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब असायची आणि हे बोर्ड तिच्यासाठी सेकंदाला साधारण १५,७०० आडव्या रेघा पाठवतात. कॉम्प्युटरच्या मॉनिटरला त्याच्या दुप्पट लागतात. मध्ये एक कन्व्हर्टर लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

पण स्पीकर जोडलेला होता. मी टोकनाचं बटण दाबलं.

झणकार झाला.

खोलीत अंधार होता, खाली सगळी झोपलेली. मी पहिल्या खेळाडूचं बटण दाबलं, मग दांडी उजवीकडे, मग मारायचं बटण. कुणीतरी ओरडलं, काहीतरी फुटलं, कुणीतरी पडलं. समोर काळी काच आणि तिच्यात अंधुक मी. कडुनिंबाखाली होते तशीच, आवाज सगळा आणि चित्र काही नाही. फरक इतकाच की या वेळी तो आवाज माझ्या हातातून निघत होता. मी रडले, आणि रडत खेळत राहिले. संगीत बदललं तेव्हा अंगावर काटा आला. मोठा आला होता.

कन्व्हर्टर यायला नऊ दिवस लागले. ते नऊही दिवस मी पहाटे उठून पाच मिनिटं तसाच, न दिसणारा खेळ खेळले.

या यंत्रांबद्दल वाचताना एक शब्द भेटला, 'अ‍ॅट्रॅक्ट मोड'. कुणी खेळत नसतं तेव्हा यंत्र आपल्याआपण थोडा खेळ दाखवतं, वाजतं, बोलावतं. टोकनावर चालणाऱ्या यंत्राचं पोटच त्यावर. बाहेरून जाणाऱ्याची पावलं थबकली पाहिजेत. १९७८ सालच्या स्पेस इन्व्हेडर्स या खेळात तोमोहिरो निशिकादो यांनी चार सुरांचा एक ठेका ठेवला होता. शत्रू मरत जातील तसा तो जलद होत जायचा, ऐकणाऱ्याच्या छातीत धडधडावं असा. ते वाचल्यावर मला कडुनिंबाखालची दोन वर्षं निराळी दिसायला लागली. मी चोरून ऐकत नव्हते. तो आवाज बाहेर उभ्या असलेल्यासाठीच केलेला होता. यंत्र मला बोलावत होतं, आणि त्याला मुलगा-मुलगी कळत नव्हतं.

कन्व्हर्टर आला, चार वायरी लावल्या: लाल, हिरवी, निळी आणि ताळमेळाची. चित्र उमटलं. आडवे ३८४, उभे २२४ एवढेच ठिपके, आजच्या मोबाइलपुढे काहीच नाही. पण रंग! माझ्या डोक्यात इतकी वर्षं ते सगळं निळंच होतं, पडद्यावरून आलेल्या उजेडासारखं. खरं तर नारिंगी आकाश, हिरवे डायनोसॉर, लाल मोटार. निवडीच्या पाटीवर हॅनापाशी दांडी नेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कपाट उघडून टेम्पोत घातलं आणि माहेरी नेलं. आमच्याकडे आखाजी लेकींची. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुष पत्त्यांना बसतात. मग बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा. आंब्याचा रस, सांजोऱ्या, खापरावरचे मांडे. बाबांच्या नावाची घागर भरून झाली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, नैवेद्य झाला आणि मग ओसरीत मी पाना घेऊन बोल्ट आवळायला बसले. आत्या, दोन चुलतबहिणी, त्यांच्या पोरी, सगळ्या भोवती. दादा पुण्याहून आला होता. तो पत्त्यांतून उठून आला आणि बघत उभा राहिला.

पहिला डाव आम्ही दोघं खेळलो. त्यानं मुस्तफा घेतला, मी हॅना. सगळ्या खाचाखोचा त्याला पाठ होत्या, बोटं अजून चालत होती. मध्येच मी म्हटलं, 'मागे सर, मोठा येतोय.' अजून पडद्यावर कुणी नव्हतं. मग आला.

'तुला कसं कळलं?'

'संगीत बदललं ना.'

त्यानं दांडी सोडली. मुस्तफा मार खात राहिला. बराच वेळानं दादा म्हणाला, 'खरं सांगू? तेव्हा तू आत आली असतीस तर मीच तुला बाहेर काढलं असतं.'

'माहीत आहे,' मी म्हटलं. खरंच माहीत होतं. त्यानं ते बोलून दाखवलं याचं मला बरं वाटलं. दुसरं काही आम्ही बोललो नाही. चुलतबहिणीच्या पोरींनी आम्हाला बाजूला सारलं आणि तासभर कुणाला दांडी मिळाली नाही.

संध्याकाळी झोक्यावर गर्दी झाली तेव्हा ओसरीत आई एकटी उरली. तिचे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. तिनं प्लास्टिकची खुर्ची कपाटापुढे ओढली. फळी एकतीस इंचांवर, खुर्चीत बसून तिचे हात बरोबर बटणांवर आले. हे माझ्या हिशोबात नव्हतं.

'हाई कोन शे?' तिनं विचारलं.

'हॅना.'

आईनं दांडी धरली, आधी झाडूसारखी, मग पळीसारखी. हॅना भिंतीवर जाऊन आपटत राहिली. मग एकदा वळली, पुढे आली, खाली पडलेलं काहीतरी तिनं उचललं आणि समोरच्याला मारलं. आई खुर्चीत पुढे सरकली. अर्ध्या मिनिटात डाव संपला.

'आखो एकदाव,' आई म्हणाली, आणि मी टोकनाचं बटण दाबलं.